चौदा कड्या

डॉक्टर मिरजी पुण्याला गेले तेव्हा
माझ्या साडेअठरा हजारांच्या थकबाकीपोटी
टाकी देऊन गेले.
"मगदूम, पैसे नाहीत. समुद्र घेऊन जा."
टेम्पोतून आणला समुद्र मंगळवार पेठेत,
झुंबर आणतो तसा,
गाद्यांच्या मधे, वाटेत दोनदा थांबून.

सुमतीनं बोट बुडवून चाखलं.
"आमटीला चालेल," म्हणाली.

आत तीन दगड.
एकावर शर्टाच्या बटणांएवढी प्रवाळं, रांगेनं,
एकावर कोंबड्याचा तुरा,
आणि एक तर चप्पल लाइनीत भिजत घातलेल्या
कातड्यासारखं, पिवळसर, सुरकुतलेलं.
दिवा तेवढा नव्हता. जळाला म्हणे.

दिवा!
तीस वर्षं ह्या शहराला उजेड भाड्यानं देतोय.
कुस्तीच्या मैदानात मातीचा कण न् कण मोजावा इतका,
गणपतीत कमानी,
लग्नात नवरीच्या नथीतला खोटा मोतीसुद्धा
खोटा दिसेल इतका.
उजेड कमी पडला, ही तक्रार एकदाही नाही.
जास्त झाला, असं कुणी सांगायला येत नसतं.

तेव्हा गोडाउनमधला दीडशे वॅटचा पांढरा फोकस
टाकीवर वीतभर अंतरावर टांगला.
पहिल्या दिवशी सगळी मिटली.
म्हटलं, नवं घर, लाजली असतील.
चौथ्या दिवशी बटणं पांढरी,
तंबाखूच्या डबीतल्या चुन्यासारखी,
कडेनं भेगाळलेली.

शाहूपुरीत माशांच्या दुकानातला तौसीफ
मोबाइलवर फोटो बघून म्हणाला,
"मामा, वरात काढली काय ह्यांची?"
मग स्टूल पुढं केलं.
"ह्यांच्या अंगात शेवाळ राहतं, भाडेकरू म्हणून.
उजेडावर ते शिजवतं, हे जेवतात.
जाळ फार झाला की भाडेकरूला बाहेर काढतात
आणि मग बसतात उपाशी."
पांढरं पडणं म्हणजे
रिकामी झालेली खोली.

"निळा घ्या. थोडाच पांढरा मिसळलेला.
खोल पाण्यात लाल आधी संपतो, मग पिवळा.
निळा तेवढा खाली पोचतो."
"किती वॅट?"
"वॅट राहू द्या. किती उंचीवर, ते विचारा."

तीस वर्षांत हे
एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं.
मीही नाही.

मंडपाची चेन छताच्या हुकात अडकवली.
चौदा कड्या वर, इतक्या वर
की सुमती म्हणाली, हा दिवा आपल्यासाठी की माशांसाठी?
मासे नाहीत, म्हटलं. अजून नाहीत.
दर रविवारी एक कडी खाली.
आठ तास झाले की बंद.

वडिलांच्या खांद्यावरून बघितला होता किरणोत्सव.
पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर ऊन,
दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत,
तिसऱ्या दिवशी ढग आले आणि
सगळा गाभारा एकदम हळहळला.
थेट तोंडावर यायची घाई सूर्यालाही नाही,
असलं काही तेव्हा सुचलं नाही.
भूक लागली होती.

आता संध्याकाळी आमची खिडकी निळी होते.
एक रिक्षावाला दवाखाना समजून थांबला,
आत पोटात दुखणारी बाई.
तिला पुढं पाठवलं, पण जाताना
दोन मिनिटं उभी राहून बघत होती.

सातव्या कडीला एक बटण उघडलं.
हिरवी कड, मधे शेंदरी ठिपका.
दुसऱ्या दिवशी आणखी दोन.
डावीकडची चार अजून पांढरीच आहेत.
तौसीफ म्हणतो, काढून टाका.
मी तो दगड जरा सावलीत सरकवलाय.

परवा कागलला लग्न होतं.
नवरी डोळे किलकिले करून हसत होती
अर्ध्या तासापासून.
स्टँड दीड फूट वर घेतला,
फोकसचं तोंड भिंतीकडे वळवलं.
फोटोग्राफर ओरडला, "ओ मगदूम, उजेड!"
मी जनरेटरजवळ उभा,
ऐकू न आल्यासारखा.

नवरीनं डोळे उघडले.
घारे होते.